खानदानी उन्हाळी

आमच्या घरी उन्हाळी लागली की लाड व्हायचे, आणि माझ्या लहानपणातले सगळ्यात सुखाचे दिवस त्या आजारपणातलेच आहेत. इतरांच्या घरी उन्हाळी म्हणजे चैत्र-वैशाखात लघवीला होणारी जळजळ. आमची तशी नव्हती. ती भर पावसात यायची, थंडीत यायची आणि जळजळ तर औषधालाही नसायची. आधी घसा धरायचा, अंगात ताप भरायचा आणि एक-दोन दिवसांत लघवीचा रंग बिनदुधाच्या चहासारखा व्हायचा. तीन-चार दिवसांनी तो आपोआप उतरायचा. माझे वडील, त्यांचे दोन भाऊ, आत्या, मी, माझा धाकटा भाऊ, सगळ्यांना व्हायची. आजोबांनाही व्हायची म्हणे. म्हणून आमच्याकडे तिचं नावच पडलं होतं, खानदानी उन्हाळी.

आम्ही खरवईचे. आता खरवईत लिफ्टच्या इमारती आहेत आणि गेटवर रखवालदार आपल्यालाच विचारतो, कुणाकडे जायचंय. तेव्हा घराच्या मागच्या दारातून निघालं की थेट भाताच्या खाचरात पाय पडायचा. वडील पावसाळ्यात शेती करायचे आणि बारा महिने सायकलने अंबरनाथच्या एका कारखान्यात जायचे. तिथे ते मशीनवर होते. घरी आले की फार बोलायचे नाहीत. मुलांचे लाड करणं हे पुरुषाचं काम नाही अशी तेव्हा समजूत होती आणि ते ती मन लावून पाळायचे.

फक्त उन्हाळीत ते बदलायचे. मला लागली असं आईने सांगितलं की कारखान्यातून येताना शहाळं आणायचे, स्वतः कोयत्याने सोलून हातात द्यायचे आणि मी पिऊन होईपर्यंत समोर बसायचे. होळीच्या सुमारास डोंगराच्या पायथ्याशी पळस फुलायचा. ती फुलं वाळवून ते पत्र्याच्या डब्यात भरून ठेवायचे, खास आमच्या उन्हाळीसाठी. रात्रभर भिजवली की सकाळी पाणी केशरी व्हायचं. चव काही नसायची त्याला. पण वडील स्वतः गाळून द्यायचे म्हणून मी दोन-दोन पेले प्यायचे. आई दुधात सब्जा घालायची. शाळा नाही, भांडी नाहीत, शेण काढणं नाही. उंबऱ्याशी चटईवर पडून पाहायचं, भाऊ दप्तर घेऊन तोंड पाडून शाळेत चाललाय.

भावाचा फार जळफळाट व्हायचा. त्याला सहा वर्षांचा होईपर्यंत एकदाही लागली नव्हती. वर्गातल्या कुणीतरी त्याला सांगितलं की बीट खाल्लं की लाल होते. त्याने आत्याच्या घरून दोन बिटं पळवून कच्ची खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी ऐटीत आईला बोलावून दाखवलं. आईने त्याची जीभ बघितली आणि पाठीत धपाटा घातला. पुढे दोनच महिन्यांनी खरी लागली. त्या दिवशी आत्याने गूळखोबरं वाटलं. म्हणाली, आता शोभतो आमच्या घरचा. कुणाच्या नाकावरून, कुणाच्या चालण्यावरून घराणं ओळखतात. आमचं यावरून ओळखायचे. आपल्या रक्तातच गरमी आहे, असं वडील सांगायचे, आणि ते सांगताना त्यांची मान ताठ व्हायची. आमच्या पणजोबांनी म्हणे एका साथीत गाव रिकामं झालं तरी घर सोडलं नाही आणि त्यांना काही झालंही नाही. तीही गरमीच.

आईला मात्र ती कधी लागली नाही. ती मुरबाडकडची. तिचा घसा धरला तर नुसता घसाच धरायचा. आत्या तिला हसून म्हणायची, तू थंड रक्ताची बाय, आमच्यात कशी आलीस कोण जाणे. आई सब्जाचं दूध ढवळत राहायची. मी आत्याच्या बाजूने हसायचे, हे आता लिहिताना लाज वाटते, पण हसायचे.

पुढे मी लॅब टेक्निशियन झाले. नियतीला विनोद फार कळतो. अठ्ठावीस वर्षं मी उल्हासनगरला कॅम्प चारमधल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांची लघवी तपासते आहे. लग्न होऊन मी बेलवलीत आले, तिथून रोज स्कूटीवर लॅब. रंग, गढूळपणा, मग पट्टी बुडवायची, मग नळी मशीनमध्ये फिरवून खालचा गाळ काचेवर घ्यायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघायचा. लाल पेशी दिसल्या की मोजायच्या, लिहायच्या. माझे डॉक्टर सिंधी आहेत, वयाने माझ्याहून मोठे तरी मला अदी म्हणतात, म्हणजे ताई. ते सांगायचे की माझ्या नजरेतून एक पेशी सुटत नाही. खरं होतं ते. फक्त माझ्या घरच्या सुटल्या.

शिकत असताना एकदा सरावासाठी आम्ही स्वतःचेच नमुने तपासले होते. माझ्या पट्टीवरचा रक्ताचा चौकोन हिरवा झाला. आमच्या कामात बाईच्या लघवीत रक्त दिसलं की पहिला प्रश्न ठरलेला, पाळी चालू आहे का. मी तो स्वतःला विचारला आणि स्वतःच उत्तर दिलं, नुकतीच येऊन गेली असेल. ती येऊन पंधरा दिवस झाले होते. मोठेपणी माझा घसा फारसा धरत नसे आणि रंग तर डोळ्यांना दिसायचाच बंद झाला होता. उन्हाळी म्हणजे उष्णता आणि पट्टीवरचं हिरवं म्हणजे रक्त, या दोन गोष्टी माझ्या डोक्यात दोन वेगळ्या खणांत होत्या. एक खण माहेरचा, एक कामाचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा असतो.

वडील पन्नाशी ओलांडल्यावर सुजायला लागले. आधी पाय, मग सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली. ब्लडप्रेशर इतकं वर की डॉक्टरांनी दोनदा मोजलं. किडन्या दोन्ही आकसल्या होत्या. आमच्याकडे कारणांची कमतरता नव्हती. काका म्हणाले, कारखान्यातलं केमिकल. आत्या म्हणाली, अंगदुखीच्या गोळ्या. मी म्हणाले, प्रेशरच्या गोळ्या वेळेवर घेत नव्हते, आणि हे मी त्यांच्या तोंडावर, चिडून म्हणाले. मी तोंडाची फटकळ आहे, आजारी माणसालाही सोडत नाही. ते म्हणाले, "मना काय नाय जाला. उनाली मुरलीय आंगान." मी कपाळावर हात मारून घेतला. इतक्या आजारी माणसाने अजून उन्हाळी धरून बसावं याचा मला संताप आला. आणि त्या खोलीत बरोबर तेच एकटे बोलत होते.

डायलिसिस उल्हासनगरलाच सुरू झालं, आठवड्यातून दोनदा. मी लॅबमधून मध्येच जाऊन त्यांच्याजवळ बसायचे. किडनी बदलता येईल, घरात कोण देईल ते बघा, असं तिथले डॉक्टर म्हणाले तेव्हा वडिलांनी रक्ताच्या माणसांना खरवईला बोलावलं. काका दोघेही तयार होते, मनापासून, पण तपासणीत दोघांच्याही किडन्या थकलेल्या निघाल्या आणि थोरल्याला तर तेव्हाच कळलं की आपल्यालाही प्रेशर आहे. आत्याला साखर होती. मी तयार झाले तर वडील म्हणाले, लेकीचं काढून घेऊन जगायचं असेल तर नकोच जगणं. भाऊ सव्वीस वर्षांचा, लग्न व्हायचं होतं, त्याचं तर त्यांनी तोंडही उघडू दिलं नाही. बैठक मोडली. अकरा महिन्यांनी ते गेले. पत्र्याच्या डब्यात त्या वर्षीची फुलं तशीच होती.

याला आता वीस वर्षं झाली. मधल्या काळात सगळं बदललं, शेत गेलं, काका गेले, आत्या गेली. भाऊ नोकरी करून मांजर्लीत घर घेऊन राहिला, आईला घेऊन. पावसाळ्यात नदी फुगली की त्यांच्या तळमजल्यात पाणी येतं, म्हणून घरातले महत्त्वाचे कागद माळ्यावर ठेवायची त्यांची पद्धत आहे. तीन वर्षांपूर्वी भावाचं डोकं सारखं दुखायला लागलं. चष्म्याचा नंबर असेल म्हणून त्याने दोन महिने काढले. मी एका रविवारी गेले होते, सहज त्याचं प्रेशर बघितलं, तर ते वडिलांच्या इतकंच वर होतं.

दुसऱ्या दिवशी त्याचं रक्त मीच काढलं, मीच मशीनला लावलं. किडनीचं काम सांगणारं क्रिएटिनिन बघितलं आणि मशीन बिघडलंय असं ठरवून पुन्हा लावलं. मग तिसऱ्यांदा. तेवढ्यात डॉक्टर मागे येऊन उभे राहिले. त्यांनी पडद्यावरचा आकडा वाचला, वर लिहिलेलं आडनाव वाचलं आणि माझ्या हातातून रिपोर्ट काढून घेतला. म्हणाले, "अदी, अपनों का सैंपल खुद नहीं लगाते. तू बस." मी बसले. मी लॅबमध्ये रडत नाही, त्या दिवशी रडले.

किडनीच्या तज्ज्ञ बाई मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलमधल्या. माझ्यापेक्षा लहान, बोलणं तुटक, पण ऐकून घ्यायच्या. भावाची फाइल बघून झाल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि आम्हा दोघांकडे बघत विचारलं, लहानपणी घसा दुखला की पाठोपाठ लघवी लाल व्हायची का. मला हसू फुटलं. अगदी मोकळं हसू, माहेरची कुणी ओळख काढल्यावर येतं तसं. मी म्हणाले, डॉक्टर, आमच्या घरात सगळ्यांनाच व्हायची, आमची खानदानी उन्हाळी आहे ती. भावानेही हसून मान हलवली. त्या हसल्या नाहीत. त्यांनी पेन उचललं आणि विचारलं, सगळ्यांना म्हणजे कुणाकुणाला. मी एकेक माणूस सांगत गेले, वडील, थोरले काका, धाकटे काका, आजोबा, आणि त्यांच्या लिहिण्याकडे बघता बघता माझा आवाज बारीक होत गेला. त्या यादीतले जेवढे गेले होते, ते कसे गेले हे मी पहिल्यांदाच एका ओळीत ऐकत होते.

भावाच्या किडनीचा तुकडा तपासायला गेला आणि त्यांचा अंदाज खरा निघाला. मग त्यांच्याकडे काम करणाऱ्या लोकांनी भावाचं आणि माझं रक्त जीन तपासण्यासाठी घेतलं. तो रिपोर्ट आल्यावर बाईंनी मला वेगळं बसवून समजावलं, मी लॅबची म्हणून जरा जास्त खोलात. घशात जंतू शिरला की शरीरातल्या संरक्षणाच्या पेशी एकमेकींना निरोप पाठवतात, आला, आला, तयार व्हा. जंतू मेला की थांबा असाही निरोप जातो. हे निरोप किती जोरात द्यायचे आणि कधी थांबवायचे ते ठरवणारी काही जीन्स असतात, आणि ती सगळ्यांची तंतोतंत सारखी नसतात. तुमच्या घराण्यात त्यांतल्या दोन-चार ठिकाणी लहान लहान फरक आहेत, म्हणाल्या. मला खरवईची कुत्री आठवली. एक भुंकलं की सगळी भुंकायची आणि चोर पार बदलापूर ओलांडून गेला तरी थांबायची नाहीत. आमच्या रक्तात तसं होतं. गरजेपेक्षा जास्त प्रतिद्रव्यं तयार व्हायची, तीही जराशी वेडीवाकडी, आणि ती जाऊन किडनीच्या गाळण्यांत अडकायची. तिथे सूज, मग रक्त. दर वेळी थोडी गाळणी कायमची निकामी. म्हणजे माझी ती उंबऱ्याजवळची चटई, ते शहाळं, तो सब्जा, त्या प्रत्येक लाडाच्या दिवशी आतमध्ये काहीतरी कायमचं जात होतं.

मी विचारलं, मग हे आमच्याकडे आलंच कशाला. बाई म्हणाल्या, नक्की कुणालाच माहीत नाही, पण जोरात निरोप देणारं रक्त जुन्या काळी साथीच्या तापात कदाचित कामाला आलं असेल, ज्यांचं तसं होतं ते वाचले असतील. मला पणजोबा आठवले. वडिलांची ताठ मान अगदीच खोटी नव्हती तर. आणि हेही त्यांनी दोनदा सांगितलं, की हा फरक असला म्हणजे आजार होणारच असं नाही. धोका वाढतो, एवढंच. त्याच घरात एकाचं सगळं निभावून जातं आणि दुसऱ्याचं जात नाही.

निभावून जाणारी मी होते. निम्मं तरी. भावाला किडनी मीच देणार हे मी पहिल्या दिवशीच जाहीर करून टाकलं होतं. आमचा गट एक, माझं प्रेशर बरं, साखर नाही, नवऱ्याची हरकत नाही. एकोणीस वर्षांपूर्वी वडिलांनी नाही म्हटलेलं माझ्या मनात सलत होतं, यावेळी कुणाचं ऐकायचं नाही असं मी ठरवलं होतं. माझ्या लघवीत लाल पेशी निघाल्या. बाईंनी तीनदा तपासायला लावली, तिन्ही वेळा निघाल्या. जीनमध्येही भावाचेच फरक. त्या म्हणाल्या, तुमच्या दोन्ही किडन्या तुम्हालाच लागतील, सांभाळून वापरा. मी त्यांच्याशी भांडले. एखाद्या दुकानदाराशी भांडावं तसं भांडले, माझी वस्तू आहे, मी कुणालाही देईन. त्या ऐकून घेत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, तुमची दिली तर ती त्यालाही पुरणार नाही आणि तुम्हालाही.

भावजयीचा रक्तगट जुळेना. काकांच्या मुलांना फोन केले, दोघे आले, दोघांच्याही पट्ट्या हिरव्या. एकाला तर काही कल्पनाच नव्हती, त्याला धीर देऊन परत पाठवावं लागलं. भावाचं डायलिसिस सुरू झालं. सरकारी यादीत नाव घातलं, ती यादी कुठे संपते ते दिसत नव्हतं. मी सगळ्या नातेवाइकांची वही केली होती, चुलत, मावस, आते, नंबरांसकट. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण मी हजारदा वापरली असेल, पण त्या दोन महिन्यांत ती एकदाही आठवली नाही.

एका मंगळवारी लॅबच्या खिडकीशी गर्दी होती. मी खाली मान घालून डब्यांवर नावं लिहीत होते. पुढच्या माणसाला नाव विचारलं तर आईने स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं. मी वर बघितलं. ती मांजर्लीहून दोन रिक्षा बदलून एकटी आली होती, आयुष्यात पहिल्यांदा, आणि रांगेत उभी राहिली होती कारण समोर रांग होती. तिने पदराखालून लोणच्याची एक धुतलेली बाटली काढली आणि खिडकीच्या फळीवर ठेवली. म्हणाली, "माझा बग."

मी आधी चिडले. एवढ्या लांब कशाला आलीस, कुणाला सांगून तरी आलीस का, लोणच्याच्या बाटलीतून कुणी आणतं का. तिला आत घेतलं, नवी डबी दिली, पाणी पाजून अर्धा तास बसवलं. मग डॉक्टरांचं बोलणं विसरून माझ्याच हाताने पट्टी बुडवली. एकही चौकोन हलला नाही. काच मायक्रोस्कोपखाली धरली आणि इकडून तिकडे, तिकडून इकडे बघत राहिले. एवढ्या वर्षांत इतकी रिकामी काच बघून मला कधी आनंद झाला नव्हता. एक पेशी नाही. सहासष्ट वर्षांची बाई, त्या घराण्यात अठ्ठेचाळीस वर्षं राहिलेली, आमच्या सगळ्यांची उन्हाळी काढलेली, आणि तिच्या आत त्यातलं काही नव्हतं.

तपासण्या दोन महिने चालल्या आणि ती सगळ्यांत पास होत गेली. तज्ज्ञ बाईंनी भावाला बजावून सांगितलं की किडनी नवी असली तरी निरोप पाठवणारं रक्त जुनंच आहे, आजार कदाचित परतही येईल, गोळ्या जन्मभर. ऑपरेशन झालं त्याला आता दीड वर्ष होईल. भाऊ कामावर जातो. आईच्या कुशीत जखमेची रेघ आहे आणि बाकी तक्रार एवढीच की सगळे तिला जड उचलू देत नाहीत. भावाची मुलगी चौदा वर्षांची आहे. तिचा घसा धरला की मी डबी घेऊन मांजर्लीत हजर होते. गेल्या थंडीत तिची पट्टी थोडी बदलली, लगेच डॉक्टरांकडे नेली, आता दर तीन महिन्यांनी दाखवायचं आणि मीठ कमी. मी तिला पळसाच्या फुलांचं पाणीही देते. बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या किडनी बिघडलेली असती तर नाहीच म्हटलं असतं, घोटभराने हिला काही होणार नाही, पण औषध म्हणून देऊ नका. मी औषध म्हणून देत नाहीच. मी समोर बसते आणि ती पिऊन होईपर्यंत उठत नाही.

लोक भेटले की ऑपरेशनचंच विचारतात आणि मीही तेच सांगते. मला आठवत राहतं ते मात्र ऑपरेशनच्या आधीचं. जिवंत माणसाची किडनी घ्यायची तर हॉस्पिटलमध्ये एक समिती बसते. देणाऱ्यावर कुणी जबरदस्ती तर केली नाही ना, हे ती विचारते आणि सगळं कॅमेऱ्यात घेतात. आई बावरेल म्हणून मला तिच्या शेजारी बसू दिलं होतं, पण मी मध्ये बोलायचं नाही या अटीवर. समोर टेबलामागे चार माणसं होती. आई इस्त्रीचं हिरवं लुगडं नेसली होती. तिला विचारलं, मुलाने मागितली का, सुनेने सांगितलं का, मुलीने सांगितलं का. ती प्रत्येक वेळी नाही म्हणाली. मग त्यांच्यातल्या एका वयस्क गृहस्थांनी चांगल्या आवाजात विचारलं, "आजी, नीट विचार केलात ना? घाई नाही."

आई म्हणाली, "एकोनीस वरसा इचार केलाय. याचे बापाला द्याची व्हती. तवा सगले बसलेले, कोन देईल, कोन देईल. मी चाय केली सगल्यांना. मना कोनी विचारलाच नाय."

त्या गृहस्थांनी मान खाली घातली आणि काहीतरी लिहिलं. कॅमेरावाला कॅमेरा बंद करायला विसरला. आईने माझ्याकडे बघितलंही नाही, तिच्या दृष्टीने तिने विचारल्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. मी समोरच्या टेबलाकडे बघत बसले, कारण मला एक गोष्ट माहीत होती जी त्या खोलीत दुसऱ्या कुणाला माहीत नव्हती. वडिलांच्या वेळच्या त्या बैठकीच्या आदल्या आठवड्यात, वडिलांना रक्त चढवायला लागलं तर असावा म्हणून, मी घरातल्या प्रत्येकाचा रक्तगट खरवईच्या ओसरीवर बसून काढला होता. आईचं बोट मीच टोचलं होतं. ओ पॉझिटिव्ह. किडनी द्यायला कुणालाही चालेल असा. मी तो माझ्या अक्षरात लिहिला आणि तिने पुढे केलेला चहा घेतला.